केमो घेणाऱ्यांसाठी टोपी विणायची असेल तर

घरात लोकरीचे उरलेले गुंडे पडलेत, ते संपतील आणि पुण्यही लागेल असा हिशोब असेल तर आधीच सांगते, त्या गुंड्यांची पायपुसणी करा. केमो (कॅन्सरवरची केमोथेरपी) सुरू झाली की साधारण दोन-तीन आठवड्यांत केस जायला लागतात (सगळ्याच औषधांनी नाही जात, पण बऱ्याच औषधांनी जातात) आणि तेव्हा डोकं इतकं हुळहुळं होतं की उशी लागली तरी नको वाटतं. त्यामुळे मेंढीची लोकर, मोहेर (शेळीच्या केसांचा धागा), केसाळ फॅन्सी धागे, जरीवाले, सगळे बाद. मऊ बेबी अ‍ॅक्रिलिक नाहीतर कॉटन मिक्स घ्या. दुकानात सगळ्या जणी गुंडा हाताने दाबून बघतात, त्यापेक्षा मानेवर मागे घासून बघा, टोचरा असेल तर तिथे लगेच कळतं. मुंबईच्या उकाड्याला कॉटन मिक्स बरं, नुसतं जाड कॉटन धुतलं की जड होऊन लोंबतं.

सुई ८ नंबर म्हणजे ४ मिमी, धागा ८ प्लाय (म्हणजे मध्यम जाडीचा). आपल्याकडे जुने इंग्लिश नंबर चालतात, नंबर वाढला की सुई बारीक, आणि अमेरिकन व्हिडिओतला ८ नंबर असतो ५ मिमीचा, म्हणून नंबर सोडा आणि मिमी बघा. १६ इंची गोल सुई (दोन टोकं मधे वायरने जोडलेली) घ्या म्हणजे शिवण येणार नाही. शिवण आपल्याला काहीच वाटत नाही हो, पण केस नसलेल्या डोक्यावर ती रात्रभर रुतते.

मोठ्या माणसाचं डोकं २१-२२ इंच धरा, टोपी १९ इंच, ताणून बसते. स्वतःच्या केसांवर, अंबाड्यावर घालून माप घेऊ नका, केस नसले की तीच टोपी सैल होऊन डोळ्यांवर येते. ४ इंचात २२ टाके येतायत का ते छोटा तुकडा विणून बघा, मग १०४ टाके घाला. टाके घालताना दोन सुया एकत्र धरा किंवा जाड सुई वापरा, नाहीतर कड घट्ट होते आणि कपाळावर वळ उठतो. दीड इंच २ सुलट २ उलट, मग नुसतं सुलट, एकूण ६ इंच होईपर्यंत. मग ११ सुलट, २ टाके एकत्र, असं पूर्ण गोल, म्हणजे आठ भागांत आठ टाके घटतात. पुढचा गोल साधा. मग १० सुलट, २ एकत्र, परत एक साधा, असं ५६ टाके उरेपर्यंत. तिथून पुढे साधा गोल नाही, प्रत्येक गोलात घटवत जा. वर गोल सुई पुरत नाही, दोन्हीकडे टोकं असलेल्या सुयांवर घ्या. शेवटी ८ टाके राहतील, त्यातून धागा ओवून आवळा. नवीन गुंडा जोडताना गाठ अजिबात नको, ३-४ इंच शेपूट ठेवून सुईने आतून ओवून टाका. मग टोपी उलटी करून आतून बोट फिरवा, बोटाला काही लागलं तर डोक्याला लागणारच.

डिझाइनची हौस सगळ्यांनाच असते, पण आतून आडवे धागे जाणारी दोन रंगांची नक्षी नको, गोंडा नको (झोपताना टोचतो), लहान मुलांच्या टोपीला मणी-बटणं तर नकोच. आणि सगळ्या जणी गुलाबी-जांभळंच विणतात, पुरुषांना कोण विचारतं? नेव्ही, राखाडी, चॉकलेटी साध्या टोप्या करा. गावाकडून आलेल्या मावशी-आजींना डोक्यावरून पदर घ्यायचा असतो, जाड टोपीवर तो फुगतो, त्यांच्यासाठी ४ प्लाय (बारीक) धागा, १० नंबर म्हणजे ३.२५ मिमी सुई, १३६ टाके, आठ भागांत घटवायचं तसंच, फक्त सुरुवात १५ सुलट, २ एकत्र अशी.

झाली की सौम्य साबणाने धुवा, वासाचं लिक्विड नको, केमोत साध्या वासानेही मळमळतं. नीट वाळवून झिपच्या पिशवीत घाला. घरात कोणी सिगरेट ओढत असेल किंवा मांजर लोकरीवर झोपत असेल तर तेही बघा, पेशंटची प्रतिकारशक्ती कमी झालेली असते.

द्यायला थेट वॉर्डात जाऊ नका. परळला टाटा मेमोरियलमध्ये देशभरातून लोक येतात, बरेच जण दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा परळच्या नाना पालकर स्मृती समितीत उतरतात, लहान मुलांसाठी सेंट ज्यूडची केंद्रं आहेत. कुठेही आधी फोन करा, हाताने केलेली वस्तू घेतात का, कुठल्या साइज हव्यात, ते विचारा आणि मगच विणायला बसा. हॉस्पिटल असेल तर मेडिकल सोशल वर्करशी बोला.

सोबत चिठ्ठी हवी, धागा कुठला, कसा धुवायचा, मराठी आणि हिंदीत. ‘तू लढवय्या आहेस’ वगैरे लिहू नका, तो उपदेश त्यांना दिवसभर सगळे करतच असतात. साइज मात्र मोठ्या अक्षरात लिहा, वाटणाऱ्याला पिशवी न उघडता दिसली पाहिजे.