मेडिकल जर्नलला पेपर पाठवल्यावर आत काय चालतं आणि समीक्षकांना उत्तर कसं द्यायचं

समीक्षक, म्हणजे जर्नलसाठी पेपर तपासणारा त्या विषयातला तज्ज्ञ, पेपर स्वीकारत नाही आणि नाकारतही नाही. तो संपादकाला सल्ला देतो. निर्णय संपादक घेतो. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज आणि केईएम रुग्णालयातून १९५५ पासून निघणारं ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ असो की लंडनचं ‘बीएमजे’ (ब्रिटिश मेडिकल जर्नल), हे दोन्हीकडे सारखंच आहे. थिसीसवरून पहिला पेपर करणारे बहुतेक रेसिडेंट समीक्षकाचं समाधान करायला धडपडतात आणि संपादकाला विसरतात. पुढचं सगळं संपादकाला डोळ्यांसमोर ठेवून वाचा.

पाठवण्याआधी

काही उणिवा समीक्षेत भरून निघतात, काही कधीच निघत नाहीत. भाषा, तक्ते, चर्चेचा भाग हे सगळं नंतर सुधारता येतं. एथिक्स कमिटीची मंजुरी मात्र मागच्या तारखेने मिळत नाही. क्लिनिकल ट्रायल असेल तर सीटीआरआय, म्हणजे भारतातल्या ट्रायलच्या नोंदवहीतल्या नोंदणीचंही तसंच. ही नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली आणि १ एप्रिल २०१८ पासून तिथे पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंदणी करावी लागते. ‘अभ्यास उरकू, मग नोंदवू’ हा रस्ता बंद झाला आहे. असा पेपर चांगल्या जर्नलच्या टेबलावर टिकत नाही.

अभ्यासाच्या प्रकाराप्रमाणे चेकलिस्ट भरून सोबत जोडा: ट्रायलसाठी कॉन्सॉर्ट, निरीक्षणात्मक अभ्यासासाठी स्ट्रोब, निदानचाचणीसाठी स्टार्ड, केस रिपोर्टसाठी केअर. प्रत्येक मुद्द्यासमोर पान क्रमांक लिहा. जिथे लिहायला पान सापडत नाही, तिथेच समीक्षक बोट ठेवणार.

भारतातली बरीच वैद्यकीय जर्नलं दुहेरी अंध पद्धत वापरतात, म्हणजे समीक्षकाला लेखक कळत नाही आणि लेखकाला समीक्षक. त्यासाठी लेखकांची नावं असलेलं पहिलं पान वेगळ्या फाइलमध्ये जातं. तरीही नावं फुटतात. पद्धतींच्या भागात रुग्णालयाचं नाव राहतं, एक्स-रेच्या कोपऱ्यात रुग्णालयाचा शिक्का असतो, वर्ड फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये लेखकाचं नाव असतं, ‘आमच्या आधीच्या अभ्यासात’ असं म्हणून स्वतःचाच संदर्भ दिलेला असतो. या चार जागा तपासा. एक्स-रेवर रुग्णाचं नाव किंवा नोंदणी क्रमांक राहिला असेल तर गोष्ट अंधत्वापुरती उरत नाही, तो रुग्णाच्या गोपनीयतेचा भंग ठरतो.

टेबलावरून परत येणारे पेपर

आधी कार्यालयीन तपासणी होते. शब्दमर्यादा, व्हँकुव्हर पद्धतीचे (मजकुरात येतील त्या क्रमाने आकडे दिलेले) संदर्भ, संमतीचा उल्लेख, हितसंबंधांचं निवेदन आणि मजकुराच्या साम्याचा अहवाल पाहिला जातो. पद्धतींच्या भागात थोडं साम्य दिसणारच. चर्चेतले परिच्छेदच्या परिच्छेद जुळले तर पेपर तिथेच थांबतो.

मग संपादक वाचतो. प्रश्न नवा आहे का, निवडलेल्या पद्धतीने त्याचं उत्तर मिळू शकतं का, आपल्या वाचकाला त्याचा उपयोग आहे का, हे तो पाहतो. मोठ्या जर्नलांमध्ये बहुतांश पेपर याच टप्प्यावर परततात. म्हणून कव्हर लेटरमध्ये ‘आपल्या प्रतिष्ठित नियतकालिकात’ वगैरे लिहिण्याऐवजी तीन वाक्यांत सांगा: काय माहीत नव्हतं, तुम्हाला काय सापडलं, वॉर्डातल्या डॉक्टरने त्यामुळे काय वेगळं करावं.

समीक्षकांकडे गेल्यावर

साधारण दोन-तीन समीक्षक असतात, कधी एक सांख्यिकी तज्ज्ञही. हे काम बहुधा विनामोबदला, ओपीडी आणि शस्त्रक्रिया सांभाळून होतं. अनेक जण नकार देतात आणि संपादक पुढचं नाव शोधत राहतो. महिनाभर जर्नलच्या साइटवर पेपरची स्थिती हलली नाही, तर बहुधा कारण हेच असतं. तीन महिने उलटले की हस्तलिखिताचा क्रमांक देऊन एक नम्र ईमेल पाठवायला हरकत नाही. कंटाळून तोच पेपर दुसऱ्या जर्नलला पाठवणं हा मात्र गैरप्रकार ठरतो. आधी पहिल्या ठिकाणाहून लेखी माघार घ्या.

समीक्षकांची नावं सुचवा असं म्हटलं असेल, तर सहलेखक, सहकारी आणि आपले जुने गाईड टाळा, आणि संस्थेचाच ईमेल द्या. खोट्या ईमेल पत्त्यांवरून स्वतःच्याच पेपरची समीक्षा करण्याचे प्रकार उघड झाले आहेत. बायोमेड सेंट्रल या प्रकाशन संस्थेने मार्च २०१५ मध्ये बनावट समीक्षेपायी ४३ पेपर मागे घेतले.

समीक्षकाच्या अहवालाचे सहसा दोन भाग असतात, एक लेखकासाठी आणि एक फक्त संपादकासाठी. ‘छान लिहिलंय’ असे शेरे येऊनही पेपर नाकारला जातो, तो कधीकधी दुसऱ्या भागामुळे. समीक्षकही चुकतात. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बीएमजेच्या समीक्षकांना आठ उणिवा मुद्दाम पेरलेला पेपर पाठवला होता. त्यांनी सरासरी दोनच पकडल्या. म्हणूनच संपादक समीक्षकांची मतं नुसती मोजत नाही. एकाने शोधलेली एक खरी चूक दोघांच्या कौतुकावर भारी पडते.

वारंवार पकडल्या जाणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत. १८ मृत्यू आणि नऊ घटकांचं लॉजिस्टिक रिग्रेशन (मृत्यूसारख्या हो-नाही निकालाशी अनेक घटकांचा संबंध एकत्र तपासणारी सांख्यिकी पद्धत): इतक्या थोड्या घटनांवर इतके घटक लादले की निकाल डळमळीत होतात. पी-व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही असा निकाल निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.००० छापलेली, जी <०.००१ अशी हवी. नुसते टक्के, मागचे आकडे नाहीत. गोषवाऱ्यात ११८ रुग्ण, तक्त्यात १२०.

उत्तराचं पत्र

‘मेजर रिव्हिजन’, म्हणजे मोठ्या दुरुस्त्या करून पेपर पुन्हा पाठवा असं उत्तर, आलं की निराश होऊ नका. संपादकाला तुमचा पेपर नको असता, तर त्याने पुन्हा वाचायची तयारी दाखवली नसती. मुदत बहुधा एक ते तीन महिन्यांची असते. पुरणार नसेल तर ती संपण्याआधी वाढवून मागा.

समीक्षकाचा प्रत्येक शेरा जसाच्या तसा उतरवा, त्याखाली उत्तर, त्याखाली पेपरमधलं बदललेलं वाक्य, पान आणि ओळ क्रमांक. एका शेऱ्यात तीन प्रश्न असतील तर त्याचे तीन भाग करा. संपादकाला मूळ पेपर न उघडता पत्रावरूनच निर्णय घेता आला पाहिजे. समजा, शेरा आहे: ‘नमुन्याचा आकार कसा ठरवला ते दिलेलं नाही.’ यावर ‘आभार, बदल केला आहे’ हे उत्तर निरुपयोगी आहे. उपयोगी उत्तर असं: ‘आधी गणित केलेलं नव्हतं. १२ महिन्यांत आलेले सर्व १२० पात्र रुग्ण घेतले. हे पान ५, ओळी ११२ ते ११५ मध्ये स्पष्ट केलं आहे, मर्यादांमध्ये नोंदवलं आहे आणि मुख्य निष्कर्षासोबत ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटर्व्हल (खरा आकडा ज्या मर्यादांत असण्याचा अंदाज आहे तो पल्ला) दिला आहे.’ निकाल हाती आल्यावर सूत्रात आकडे बसवून १२० काढून दाखवू नका. हा खोटेपणा आहे आणि सांख्यिकी तज्ज्ञाला तो लगेच दिसतो.

असहमत होता येतं. जिथे समीक्षकाचं म्हणणं मानल्याने पेपर चुकीचा होईल तिथे नक्की व्हा, संदर्भ देऊन, दोन-चार वाक्यांत. दोन समीक्षक परस्परविरुद्ध सांगत असतील तर एक बाजू निवडा आणि कारण संपादकाला उद्देशून लिहा. एखादा समीक्षक विषयाशी संबंध नसलेले, एकाच लेखकाचे पाच-सहा पेपर उद्धृत करायला सांगत असेल तर निमूट घालू नका. संपादकाला खासगीत कळवा. दुरुस्ती करताना तुमचीच एखादी चूक सापडली, कुणी विचारलेली नसली तरी, ती पत्रात स्वतःहून सांगा. बदल दाखवणारी आणि स्वच्छ अशा दोन्ही प्रती जोडा.

नकार आला तर अपील फक्त तेव्हाच करा, जेव्हा निर्णय एखाद्या तथ्याच्या चुकीवर उभा असेल. एरवी शेऱ्यांप्रमाणे दुरुस्ती करून दुसरीकडे पाठवा. न सुधारता पाठवू नका. विषय अरुंद असेल तर नव्या जर्नलचा समीक्षक तोच जुना निघू शकतो. आणि तीन दिवसांत ‘स्वीकृत’ असा ईमेल व सोबत फीचं बिल आलं, तर तिथे समीक्षा झालेलीच नाही असं समजा आणि पैसे भरण्याआधी पेपर काढून घ्या.

स्वीकृतीनंतर प्रूफ, म्हणजे छापण्याआधीची तपासणीची प्रत, येतं आणि बहुधा दोन-तीन दिवसांत परत मागतात. तेव्हा शैलीला हात लावू नका. औषधांचे डोस, मिलिग्रॅम की मायक्रोग्रॅम, दशांश चिन्ह, तक्त्यांतल्या बेरजा आणि सहलेखकांची नावं मोठ्याने वाचून दुसऱ्या कुणाकडून ताडून घ्या.