'हौदु' म्हणण्याआधी : आरोपीला आणि त्याच्या घरच्यांना कोर्ट समजावं म्हणून

माझा धाकटा भाऊ २०१९ च्या पावसाळ्यात बांधाच्या भांडणात आरोपी झाला. कागदावर तो ए-थ्री, म्हणजे आरोपी नंबर तीन. आमचं गाव कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यात, महाराष्ट्राच्या सीमेला लागून, घरात मराठी, बाजारात कन्नड. मी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते, त्यामुळे घरात कागद वाचणारी मीच. पाच वर्षं रजा टाकून त्याच्या तारखांना गेले. आता गावात कुणाच्या दारात पोलिसांची गाडी थांबली की आधी मला बोलावतात. तेव्हा जे सांगते तेच इथं लिहिते.

सुरुवात आरोप ठेवण्याच्या दिवसापासून करते, कारण आमचं सगळं तिथंच संपलं असतं. न्यायाधीशांनी कन्नडमध्ये आरोप वाचून दाखवला आणि शेवटी विचारलं, "तप्पु ओप्पिकोळ्तीरा?" भावाला वाटलं, समजलं का विचारतायत. तो मान हलवून म्हणाला, "हौदु." म्हणजे होय. प्रश्न होता, गुन्हा कबूल आहे का! वकीलसाहेब ताडकन उठले, आरोपीला कन्नड नीट कळत नाही म्हणाले. न्यायाधीशांनी अटेंडरकडून तोच प्रश्न मराठीत विचारायला लावला. भाऊ घाबरून म्हणाला, "नाही साहेब, मी गुन्हा केला नाही." तसं लिहून घेतलं, मग खटला पुढं चालला. कबुली लिहिली गेली असती तर साक्षीपुरावा न होताच शिक्षा होऊ शकली असती.

जिल्ह्यातल्या कोर्टांचं काम कन्नड आणि इंग्रजीत चालतं. पण आरोपीला आपल्यावर काय आरोप आहे हे समजलं पाहिजे, ही कायद्याची अट आहे. आरोपीला न कळणाऱ्या भाषेत साक्ष झाली आणि तो कोर्टात हजर असेल, तर ती त्याला कळणाऱ्या भाषेत भर कोर्टात समजावून सांगायची असते. हे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होतं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही कलम ३१४ मध्ये आहे. म्हणून पहिल्या दिवसापासून वकिलांना सांगून ठेवा की आम्हाला मराठीत समजावून हवं. आणि कळलं नसेल तर मान हलवू नका. हात जोडा, म्हणा, "साहेब, समजलं नाही, मराठीत सांगा." आपली माणसं लाजतात. कन्नड येत नाही हे कोर्टात बोलायचं कसं, असं वाटतं. त्या लाजेची किंमत फार मोठी असते.

आता पोलिसांपासून. ज्या गुन्ह्याला सात वर्षांपर्यंतची शिक्षा आहे, त्यात सरसकट अटक करायची नसते. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं अर्णेश कुमार खटल्यात हे बजावलंय. अटकेची गरज नसेल तर पोलीस हजर राहण्याची नोटीस देतात, नव्या कायद्यात ती कलम ३५ ची. नोटीस आली की काही जण चंदगडला नाहीतर गोव्याला पाहुण्यांकडं निघून जातात. असं करू नका. नोटीस पाळणाऱ्याला अटक करायची तर पोलिसांना कारण लिहावं लागतं, आणि पळालेल्याच्या बाबतीत ते कारण आपणच त्यांच्या हातात देतो. वकिलांना विचारून, नोटिशीची झेरॉक्स घरी ठेवून, दिलेल्या वेळेला जा.

अटक झालीच तर कारण सांगणं, घरच्यांना कळवणं आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करणं पोलिसांवर बंधनकारक आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की अटकेची कारणं लेखी आणि त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत द्यायला हवीत. आपल्या भागासाठी हा निकाल सोन्यासारखा आहे. न वाचता, न समजता कशावरही सही करू नका. मॅजिस्ट्रेट आरोपीला काही तक्रार आहे का विचारतात. मारहाण झाली असेल, औषध चालू असेल, तर सांगायची वेळ तीच. बाहेर आल्यावर आम्हाला सांगून फारसा उपयोग होत नाही.

त्या वेळी वकील नसेल तर सरकारी खर्चानं मिळतो. कोठडीतल्या माणसाला, बाईमाणसाला, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या कोर्टातच कायदा सेवा समिती असते, फोन करायचा तर १५१००. फुकटचा वकील काय लढणार, असं आमच्या आत्यानं म्हटलं होतं. मी मात्र अशा वकिलांना जीव तोडून उलटतपासणी घेताना पाहिलंय.

जामिनाचं जरा सविस्तर सांगते, कारण सीमाभागातली माणसं इथंच अडकतात. गुन्हा जामीनपात्र असेल तर जामीन हा हक्क आहे, उपकार नव्हे. अजामीनपात्र असेल तर अर्ज करायचा, सरकारी वकिलांचं म्हणणं येतं, मग आदेश होतो. मॅजिस्ट्रेटनं नाकारला तर सेशन्स कोर्ट, तिथं नाकारला तर हायकोर्टाचं धारवाड खंडपीठ. आरोपी हिंडलग्याच्या तुरुंगात असेल आणि ६० दिवसांत, मोठ्या गुन्ह्यात ९० दिवसांत, चार्जशीट (पोलिसांचं दोषारोपपत्र) आलं नाही तर जामिनाचा हक्क मिळतो. पण चार्जशीट येण्याआधी अर्ज करावा लागतो, म्हणून घरात कॅलेंडरवर खुणा करत जा.

आदेश झाला म्हणजे माणूस घरी आला असं नाही. जामीनदार लागतो. त्याचं आधार कार्ड, फोटो, जमिनीचा आरटीसी उतारा (कर्नाटकातला सातबारा) लागतो, आणि आधी कुणाकुणाला जामीन राहिलाय तेही त्यानं सांगावं लागतं. आमचे सख्खे मामा चंदगड तालुक्यातले, तीन एकर जमीन, लगेच धावत आले. पण उतारा मराठीत, जमीन कोल्हापूर जिल्ह्यात, राज्यच दुसरं. आम्ही भाषांतर करून नेलंच नव्हतं. त्यात दोन दिवस गेले, आणि ते दोन दिवस आईनं काही खाल्लं नाही. शेवटी गावातल्या शेजाऱ्यानं आपला उतारा दिला. नंतर मला कळलं की १९७८ मध्येच सुप्रीम कोर्टानं मोतीराम नावाच्या गवंड्याच्या खटल्यात हा प्रश्न सोडवलाय. मध्य प्रदेशातल्या त्या गरीब माणसाला दहा हजारांचा जामीनदार मागितला होता, आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून भावाला नाकारलं होतं. तेवढ्यासाठी जामीनदार नाकारता येत नाही, असं सुप्रीम कोर्ट म्हणालं. तरी माझा सल्ला असा की जिल्ह्यातलाच एक उतारेवाला माणूस तयार ठेवा, आणि पलीकडचा पाहुणा असेल तर त्याच्या कागदांचं भाषांतर आधीच करून न्या. अडलं तर वकिलांना मोतीरामची आठवण करून द्या. पैसे घेऊन उभे राहणारे जामीनदार मात्र कधीही घेऊ नका. कागद खोटे निघाले तर दुसरा गुन्हा अंगावर येतो.

चार्जशीट आलं की त्याची प्रत आरोपीला फुकट मिळते. ती वकिलांकडं ठेवून विसरू नका, एक संच घरी आणा आणि कन्नड वाचणाऱ्या माणसाकडून ओळ न ओळ वाचून घ्या. आमच्या कागदात घटनेची वेळ संध्याकाळची होती, आणि त्या वेळी भाऊ दूध डेअरीवर होता. डेअरीच्या वहीत नोंद होती. ती नोंद वकीलसाहेबांना आम्हीच दिली, त्यांना ती कुठून कळणार? कलमंही बघा. घटना १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर गुन्ह्याची कलमं जुन्या दंड संहितेचीच राहतात. आमची ३२३, ३२४, ५०४, ५०६ होती. पंचांनी तडजोड करायची म्हटली, तेव्हा कळलं की बाकीची मिटतात, पण हत्यारानं दुखापतीचं ३२४ त्या कोर्टात आपसात मिटत नाही. त्यासाठी धारवाडला हायकोर्टात अर्ज करावा लागतो. तडजोडीच्या स्टॅम्पपेपरवर खर्च करण्याआधी हे विचारून घ्या.

तारखांचं काय सांगू! सकाळी साडेदहाला जायचं आणि पुकाऱ्याकडं कान ठेवायचा. नाव तीन वेळा पुकारतात. चहाला बाहेर गेलात तर गैरहजर. येणं शक्यच नसेल, आजारपण असेल, तर त्याच दिवशी वकिलांकडून हजेरीमाफीचा अर्ज द्यायला लावा. आमची एक तारीख सुगीत चुकली, दोष आमचाच. चिठ्ठीवर तारीख कन्नड आकड्यांत लिहिलेली. त्यातले तीन आणि सहा दिसायला सारखे, आणि मी तेराचे सोळा वाचले. वॉरंट निघालं. पोलीस येण्याची वाट न बघता भाऊ दुसऱ्याच दिवशी वकिलांबरोबर कोर्टात हजर झाला, अर्ज दिला, दंड भरला आणि वॉरंट मागं घेतलं गेलं. लपून बसला असता तर जामीनदार शेजाऱ्यालाही नोटीस गेली असती. तेव्हापासून मी ईकोर्ट्सचं ॲप वापरते. खटल्याचा सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर त्यात घातला की पुढची तारीख दिसते.

साक्षी सुरू झाल्या की आरोपीनं गप्प बसायचं, पण कान उघडे ठेवायचे. साक्षीदार खोटं बोलला तरी ओरडायचं नाही, चिठ्ठी लिहून वकिलांना द्यायची. कँटीनमध्ये, तिट्ट्यावर, कुठंही साक्षीदाराशी बोलायला जायचं नाही, जामीन रद्द होऊ शकतो. आणि मराठी साक्षीदार असेल तर जास्तच लक्ष द्या. आमच्या खटल्यात एकजण म्हणाला, "यानं काठी उगारली." कन्नडमध्ये उतरलं 'होडेद', म्हणजे मारली. साक्ष झाल्यावर ती साक्षीदाराला वाचून दाखवतात, त्या वेळी वकीलसाहेबांनी आक्षेप घेतला, साक्षीदारानंही 'उगारली' हेच सांगितलं आणि दुरुस्ती झाली. एका शब्दावर माणसाची वर्षं अवलंबून असतात. मराठी कळणारा वकील का निवडावा, ते मला त्या दिवशी कळलं.

सरकारी साक्षी संपल्या की न्यायाधीश स्वतः आरोपीला प्रश्न विचारतात. जुन्या कायद्यात याला ३१३ चा जबाब म्हणत, आता कलम ३५१. इथं शपथ नसते आणि उत्तर द्यायची सक्तीही नसते. बहुतेक जण प्रत्येक प्रश्नाला "सुळ्ळु", खोटं आहे, एवढंच म्हणतात. पण तुमची बाजू सांगायची संधी हीच. मराठीत सांगा, लिहिलेलं परत वाचून घ्या, मगच सही करा. भावानं डेअरीची गोष्ट तिथंच सांगितली आणि नंतर डेअरीवाल्यांची साक्ष काढली.

निकालात कैदेची शिक्षा झाली तर निकालपत्राची प्रत तिथल्या तिथं फुकट मिळायला हवी. अर्ज केला तर, शक्य असेल तिथं, आपल्या भाषेतलं भाषांतरही मागता येतं. मॅजिस्ट्रेटच्या निकालावर ३० दिवसांत सेशन्स कोर्टात अपील होतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल आणि आरोपी जामिनावर असेल, तर अपील करायचं आहे असं सांगून तेच कोर्ट शिक्षा थांबवू शकतं. तो अर्ज वकिलांनी तयार करूनच आणलेला असावा.

भाऊ सुटला. आम्हाला वाटलं, आता पेढे घेऊन घरी जायचं. पण निकालाआधी कोर्ट पुन्हा एक बाँड घेतं. वरच्या कोर्टात अपील झालं तर हजर राहीन असा, सहा महिन्यांचा, जामीनदारासह. शेजारी त्या दिवशी भात लावणीवर होते. फोन केला तेव्हा ते चिखलातून तसेच मोटरसायकलवर आले. तुम्ही मात्र निकालाच्या दिवशी जामीनदाराला उताऱ्यासकट सकाळीच बरोबर न्या.