मुंबईत बसून जपानी विद्यापीठातल्या दुर्मिळ ग्रंथाची प्रत मागवायची तर

लगेच मेल टाकू नका. ग्रंथ १८६८ पूर्वीचा असेल तर आधी 'कोकुशो डेटाबेस' ही जुन्या जपानी ग्रंथांची ऑनलाइन सूची बघा, नंतरचा असेल तर 'साईनी बुक्स' ही विद्यापीठ ग्रंथालयांची एकत्रित सूची. कोणत्या विद्यापीठाकडे प्रत आहे ते तिथे कळतं. वासेदा, क्योतो यांनी तर हजारो दुर्मिळ ग्रंथ स्कॅन करून फुकट ठेवलेत. तुमचा त्यात निघाला तर काम इथेच संपलं. स्कॅन असताना मूळ प्रत हाताळायला सहसा देत नाहीत, आणि ते रास्तच आहे.

नाव कांजीत, म्हणजे चिनी चिन्हांत, ठाऊक नसेल तर हिरागानात, म्हणजे उच्चाराप्रमाणे लिहायच्या जपानी लिपीत, उच्चार टाका. दीर्घ 'ओ' बहुधा 'ओउ' असा लिहितात. तो 'उ' सुटला की निकाल शून्य.

जुन्या ग्रंथांवर वर्ष सम्राटाच्या कालखंडानुसार असतं. त्यावरून इसवी सन काढताना मेइजी वर्षात १८६७ मिळवा, ताइशोत १९११, शोवात १९२५. पण १८७३ पर्यंत तिथलं पंचांग वेगळं होतं. त्याआधीच्या वर्षांचा बारावा महिना बहुतेकदा पुढच्या इसवी सनात जातो. शकाचं इसवी सनात रूपांतर करताना पौष-माघाला हाच घोळ होतो.

खरी चूक होते ती पानं सांगताना. जुन्या जपानी पुस्तकात कागद एका बाजूला छापून मधोमध दुमडतात आणि मोकळ्या कडा शिवतात. म्हणजे घडी बाहेरच्या कडेला येते. (न कापलेली पानं समजून ती कोणी फाडू नये!) असा एक दुमडलेला कागद म्हणजे एक 'च्यो', त्याची पुढची बाजू 'ओमोते', मागची 'उरा'. पोथीच्या पत्राचाच हा हिशेब. क्रमांक बहुधा घडीवरच छापलेला असतो, त्यामुळे अर्धा अलीकडे, अर्धा पलीकडे दिसतो. 'पान २४' लिहिलंत तर ग्रंथपालांना काहीच कळणार नाही. '१२ च्यो, उरा' असं लिहा. फोटोचे पैसे 'कोमा'वर, म्हणजे उघडलेल्या जोडपानावर, लावत असतील तर ४० च्योंचे ४१ कोमा होतात, मुखपृष्ठं वेगळी. ८० धरून बजेट काढू नका.

मेलमध्ये नाव, कॉल नंबर (ग्रंथालयाने ग्रंथाला दिलेला क्रमांक), खंड, च्यो आणि प्रत कशासाठी हवी ते लिहा. छापायची असेल तर वेगळी परवानगी लागते, ती त्याच मेलमध्ये विचारा. जपान आपल्या साडेतीन तास पुढे. आपल्याकडे दीड वाजला की तिकडे पाच, तेव्हा मेल सकाळीच जाऊ द्या. एप्रिलअखेर ते मेचा पहिला आठवडा, ऑगस्टच्या मध्याला आणि वर्षअखेरीस उत्तराची घाई करू नका. तिकडे सुट्या असतात.