विंडोज नवीन टाकलं आणि दुसरी हार्ड डिस्क दिसेना? डेटा काढायच्या आधीची तयारी

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, तेव्हापासून ओळखीतल्या बऱ्याच लोकांनी कॉम्प्युटरमध्ये नवीन विंडोज टाकून घेतलंय, आणि मग मला फोन येतो की सी ड्राइव्ह ठीक आहे पण डी गायब आहे. माझ्या मावशीचं असंच झालं. ती घरून डीटीपीची कामं करते, लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, स्मरणिका, आणि वीसेक वर्षांचं सगळं काम दुसऱ्या १ टीबीच्या डिस्कवर होतं. इन्स्टॉल करताना चुकीच्या डिस्कचं पार्टिशन, म्हणजे डिस्कवर आखलेला भाग, डिलीट झालं होतं. पण तिने काहीही क्लिक न करता आधी फोन केला, आणि फक्त तेवढ्यामुळे सगळं परत मिळालं. म्हणून तयारीतली पहिली गोष्ट हीच, थांबा. डिस्क मॅनेजमेंट, म्हणजे सगळ्या डिस्क दाखवणारं विंडोजमधलंच साधन, उघडून नुसतं बघा, डिस्क इनिशियलाइज (नव्याने तयार) करू का असं विचारलं तर कॅन्सल, फॉरमॅट करू का विचारलं तरी कॅन्सल, काळी पट्टी आणि अनअलोकेटेड (पार्टिशन नसलेली जागा) दिसलं तर न्यू सिम्पल व्हॉल्यूम अजिबात नाही. डिस्क हेल्दी दिसतेय आणि नुसतं डी, ई असं अक्षर नाहीये, तर मात्र राइट क्लिक करून ड्राइव्ह लेटर द्या, काम झालं, पुढचं बरंचसं वाचायची गरज पण नाही.

अनअलोकेटेड किंवा रॉ (विंडोजला आतली रचना ओळखता येत नाही) दिसत असेल तर मशीन बंद करा आणि त्या डिस्कची केबल काढून ठेवा. चेकडिस्क, म्हणजे विंडोजचं डिस्क तपासायचं साधन, मारून बघू असं कोणी सुचवलं तरी नको, कारण चेकडिस्क दुरुस्ती करताना डिस्कवरच लिहितं आणि आपल्याला सध्या तिच्यावर एक अक्षरही लिहायचं नाहीये. डिलीट झालेल्या पार्टिशनमधल्या फाइल्स जागच्या जागीच असतात, फक्त त्या कुठून कुठपर्यंत आहेत ही नोंद गेलेली असते, वर नवीन काही लिहिलं की मग खरं नुकसान. एसएसडी असेल तर अजून घाई करून बंद करा, तिथे ट्रिम नावाचा प्रकार रिकाम्या झालेल्या जागा खरोखरच पुसून टाकतो.

आता सामान. एक रिकामी डिस्क लागेल, जुनीपेक्षा मोठी, १ टीबीसाठी मी २ टीबीची घ्यायला सांगतो कारण आधी जुन्या डिस्कची जशीच्या तशी इमेज, म्हणजे सगळ्या डिस्कची एका फाइलमध्ये हुबेहूब नक्कल, घ्यायची आणि मग सापडलेल्या फाइल्स पण कुठेतरी ठेवायच्या असतात, त्या परत त्याच डिस्कवर ठेवायच्या नसतात. ८ जीबीचा एक पेनड्राइव्ह, त्यावर लाइव्ह लिनक्स, म्हणजे इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालणारं लिनक्स, हा दुसऱ्या कॉम्प्युटरवर बनवा. डिस्क यूएसबीने जोडणार असाल तर यूएसबी ३ चा पोर्ट बघा, सेकंदाला १०० एमबीच्या वेगाने सुद्धा १ टीबी वाचायला जवळपास तीन तास लागतात, यूएसबी २ वर रात्र जाईल. आणि यूपीएस. आमच्याकडे दुपारी लाइट जाते, मध्येच बंद पडलेली कॉपी परत पहिल्यापासून करण्यात जीव जातो.

किल्ल्या आणि पासवर्ड यांचं आधीच बघून ठेवा. डिस्कला बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप, असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की लागते, ती जुन्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये किंवा प्रिंट काढलेली असते. लोक म्हणतात आम्ही कधी पासवर्ड टाकलाच नव्हता, पण जुन्या विंडोजमध्ये ऑटो अनलॉक, म्हणजे डिस्क आपोआप उघडणं, चालू असलं की पासवर्ड विचारतच नाहीत, नवीन विंडोजला मात्र ते माहीत नसतं. सी ड्राइव्हमध्ये विंडोज.ओल्ड नावाचं फोल्डर असेल तर ते लगेच कॉपी करून ठेवा, जुना डेस्कटॉप आणि डाउनलोड्स त्यातच असतात आणि विंडोज ते काही दिवसांनी स्वतःच काढून टाकू शकतं.

फोल्डर दिसतंय पण परमिशन नाही म्हणतंय, यात घाबरण्यासारखं काही नाही. जुन्या युजरचा आयडी नव्या विंडोजमध्ये नाही एवढंच, नाव तेच दिलं तरी आयडी नवा असतो. कंटिन्यू दाबलं किंवा ओनरशिप घेतली की उघडतं, पण डिस्क जुनी असेल तर लिनक्समधून रीड ओन्ली, म्हणजे नुसती वाचण्यापुरती, उघडून आधी कॉपी करा, तिथे या परमिशन आड येत नाहीत.

मग डिस्कची तब्येत. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पेंडिंग किंवा रिअलोकेटेड सेक्टर, म्हणजे डिस्कचे खराब होत चाललेले तुकडे, वाढलेले दिसले तर फाइल्स शोधत बसू नका, आधी लिनक्समधून डीडीरेस्क्यूने, म्हणजे खराब डिस्कमधूनही जमेल तेवढं वाचून घेणाऱ्या प्रोग्रॅमने, इमेज. टकटक आवाज येत असेल तर घरी काहीच करू नका, लॅबकडे द्या. इमेज झाली की तिच्यावर टेस्टडिस्क, हा हरवलेली पार्टिशन शोधणारा प्रोग्रॅम, चालवा, जुनं पार्टिशन सापडलं की पी दाबून फाइल्सची यादी दिसते, तिथूनच नव्या डिस्कवर कॉपी करता येतं. यादी नीट दिसल्याशिवाय टेस्टडिस्कमधलं राइट (डिस्कवर लिहिणं) दाबू नका. फोटोरेक हा फाइल्स शोधून काढणारा प्रोग्रॅम शेवटचा उपाय, तो फाइल्स काढतो पण त्यांची नावं जातात, मावशीच्या हजारो फाइल्स नावाशिवाय म्हणजे कोणती पत्रिका कोणाची हे शोधत बसावं लागलं असतं.

आणि मराठीत काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट जी कुठल्याच यादीत नसते, फॉन्ट. श्रीलिपी किंवा कृतीदेव वापरून टाइप केलेलं जुनं मॅटर युनिकोड, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठीच दिसणारं, नसतं, फॉन्ट नसेल तर फाइल अगदी नीट असली तरी उघडल्यावर नुसती चिन्हं दिसतात, आणि फॉन्ट असतात सी ड्राइव्हवर, जो आत्ताच फॉरमॅट झालाय. मावशीला वाटलं फाइल्स करप्ट झाल्या, तिचा चेहराच उतरला. सॉफ्टवेअरची सीडी आणि लायसन्सचा कागद आधीच शोधून ठेवा, फॉन्ट टाका, आणि मग प्रत्येक वर्षातल्या दोन-तीन पेजमेकर आणि कोरलच्या फाइल्स उघडून शेवटच्या पानापर्यंत बघा. तोपर्यंत जुनी डिस्क केबल काढलेलीच राहू दे.