माळेगावात घोडं घेताना

नांदेड जिल्ह्यातल्या खंडोबाच्या माळेगावला यात्रेत घोडं घ्यायला जायचं तर पहाटेच बाजारात शिरा. उशिरा गेलात तर फिरवून अंग मोकळं केलेल्या घोड्याचा लंगडेपणा बरेचदा दिसत नाही. आधी खुंट्यावरनं स्वतः सोडायचं, कडक जमिनीवर सरळ रेषेत दुडक्या चालीनं पळवायला लावायचं आणि मान बघायची. पुढचा दुखरा पाय टेकला की मान वर जाते. मी पहिल्या खेपेला मऊ मातीत बघितलं, अन् घरी डांबरी रस्त्यावर आल्यावर डोक्याला हात लावला.

मग तोंड. दुधाचे पुढचे दात साधारण अडीच वर्षांपासून पडायला लागतात, पाचव्या वर्षी पुढचे सगळे पक्के दात येऊन तोंड पूर्ण होतं. दलाल ‘चार वर्षांचं’ म्हणाला तरी ओठ उचलून आपणच बघा. चारही खूर उचलून घ्या. पाय देताना कुरकुरणारं घोडं नाल मारताना रडवतं. अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांच्या शुभ-अशुभात मी पडत नाही, पण विकताना गिऱ्हाईक त्यावरच अडतं, म्हणून घेतानाच मोजून ठेवतो.

विकायचं असेल तर खोड लपवू नका. लाथ मारतं तर मारतं म्हणा, हजार-दोन हजार कमी घ्या. पुढच्या यात्रेला तोच माणूस समोर येतो.