लॅबमधून थ्रिलरकडे: रिटायरमेंटनंतर लिहायला बसणाऱ्यांसाठी माझा अनुभव

३३ वर्षं मी ॲनालिटिकल केमिस्ट म्हणून काम केलं. नमुन्यात काय आहे आणि किती आहे ते शोधायचं, आमचं काम म्हणजे एवढंच. रिटायर झाल्यावर सहा वर्षांत तीन थ्रिलर कादंबऱ्या लिहिल्या, तिन्ही बाहेर आल्या, चौथी चालू आहे. आता आमच्याच क्षेत्रातले बरेच जण विचारतात की मलाही लिहायचंय, सुरुवात कुठून करू, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते.

आधी ती गोष्ट जी माझ्या डोक्यात शिरायला दीड वर्ष गेलं. आपण आयुष्यभर पेपर, म्हणजे शोधनिबंध लिहितो आणि पेपरात काय सापडलं ते ॲब्स्ट्रॅक्टमध्येच, म्हणजे सुरुवातीच्या सारांशातच, सांगून मोकळं व्हायचं असतं. थ्रिलरमध्ये बरोबर उलटं. टायट्रेशनमध्ये, म्हणजे एका द्रावात दुसरा द्राव मोजून मिसळताना, शेवटी शेवटी ब्युरेटचा, म्हणजे मोजनळीचा, कॉक जेमतेम उघडा ठेवून एकेक थेंब सोडतो ना, तशी माहिती सोडायची, पण वाचकाला फसवायचं नाही, म्हणजे उलगडा झाल्यावर तो मागे गेला तर त्याला दिसलं पाहिजे की अरे हे तर आपल्या डोळ्यांसमोरच होतं.

माझ्या पहिल्या कादंबरीचं पहिलं प्रकरण मी सॅम्पलिंगची पद्धत समजावून सांगण्यात घालवलं होतं, चांगली ११ पानं. एका मैत्रिणीला वाचायला दिलं, तिचा विज्ञानाशी काही संबंध नाही, तिने चौथ्या पानाच्या समासात पेन्सिलीने लिहिलं, 'इथे मी फोन बघितला.' वाईट वाटलं, पण इतकी नेमकी कॉमेंट मला पेपर तपासणाऱ्या कुठल्या रेफरीने दिली नव्हती. ती ११ पानं काढली. आता कादंबरी अशी सुरू होते की रात्रपाळीची टेक्निशियन फ्रीज उघडते, कालच्या बाटल्या ओळीने उभ्या आहेत, सील शाबूत आहेत, पण सहाव्या बाटलीच्या लेबलवरचा ७ तिच्या हातचा नाही. ती सातच्या मधोमध आडवी रेघ देते, ह्या सातला रेघच नाही. नमुना कोणाच्या हातातून कोणाच्या हातात गेला, प्रत्येक ठिकाणी सही का लागते, हे सगळं समजावायला मी पानंच्या पानं खर्च केली होती आणि ते एका आकड्यात आलं.

दुसरं, तुमच्या कामातल्या ज्या गोष्टींचा तुम्हाला कंटाळा यायचा त्याच तुमचं भांडवल आहेत. सिनेमात मशीनमध्ये नमुना टाकला की दोन मिनिटांत स्क्रीनवर विषाचं नाव येतं. खरं तर आधी नमुना तयार करण्यात वेळ जातो, मग गॅस क्रोमॅटोग्राफचा, म्हणजे नमुन्यातले घटक वेगळे करणाऱ्या मशीनचा, एक रन अर्धा तास चालू शकतो, आणि त्या वेळात तुम्ही फक्त बसून राहता. हा वेळ कापू नका! माझ्या दुसऱ्या कादंबरीत २८ मिनिटांचा रन आहे आणि तेवढ्या वेळात एक माणूस इमारतीत शिरून जिना चढतोय. तसंच मास स्पेक्ट्रोमीटरचा, म्हणजे वस्तुमानावरून पदार्थ ओळखणाऱ्या मशीनचा, व्हॅक्यूम. कोणी मुद्दाम मशीन व्हेंट केलं, म्हणजे आत हवा सोडली, तर पंपाला पुन्हा पुरेसा व्हॅक्यूम आणायला कित्येक तास लागतात, म्हणजे ती रात्र हातची गेलीच. बाहेरच्या लेखकाला हे सुचणार नाही, आणि आपल्याला ते इतकं रोजचं वाटतं की आपण लिहायचंच विसरतो.

घिसेपिटे प्रसंग तर डोळे झाकून लिहू नका. क्लोरोफॉर्मचा रुमाल नाकाला लावला की माणूस लगेच कोसळतो हे खरं नाही, सलग पाचेक मिनिटं तरी हुंगावं लागतं. सायनाईडला कडू बदामाचा वास येतो हे ठीक आहे, पण बऱ्याच लोकांना तो वास जन्मतःच येत नाही. आता हीच गोष्ट गोष्टीत वापरा ना, वास न येणारा डॉक्टर दाखवा.

जुने खटले वाचा, मी त्यातून फार शिकले. १८३६ मध्ये जेम्स मार्श या ब्रिटिश केमिस्टने आर्सेनिक पकडण्याची टेस्ट प्रसिद्ध केली आणि १८४० मध्ये फ्रान्समध्ये मारी लाफार्जवर नवऱ्याला विष दिल्याचा खटला चालला. तिथल्या स्थानिक केमिस्टांनी मार्शची टेस्ट करून सांगितलं की मृतदेहात आर्सेनिक नाही, मग पॅरिसहून ऑर्फिला हा नामवंत विषतज्ज्ञ आला, त्याने तीच टेस्ट केली आणि आर्सेनिक सापडलं, आणि बाईला शिक्षा झाली. टेस्ट तीच पण करणारे हात वेगळे, आणि त्यावर एक अख्खं आयुष्य लटकलेलं. मला हे वाचून रात्री झोप लागली नव्हती.

इथे दोन गोष्टी मनापासून सांगते. विषाची पूर्ण कृती कधीही लिहायची नाही. मी एखादी महत्त्वाची पायरी गाळतेच, वाचकाचं काही अडत नाही आणि आपल्या मनाला खात्री राहते. आणि नोकरीत असताना गोपनीयतेच्या करारावर सही केली असेल तर तो काढून नीट वाचा, रिटायर झालात म्हणून बहुतेक वेळा तो संपत नाही. मी खरा प्रोजेक्ट, खरं गिऱ्हाईक, खरा सहकारी ह्यांच्या जवळपासही जात नाही.

रोजच्या कामाचं म्हणाल तर सवय आपल्याला आहेच. रोज ५०० शब्द, १८० दिवस, झाले ९०,०००, थ्रिलरला तेवढे पुरतात. लॅब नोटबुकसारखी एक वही ठेवा, तारीख, आज काय लिहिलं, कुठे अडलं. माझा पहिला ड्राफ्ट १,३४,००० शब्दांचा झाला होता आणि तो ९२,००० वर आणताना जे गेलं ते जवळजवळ सगळं स्पष्टीकरण होतं. संवाद मात्र जड गेले, माझी सगळी पात्रं सेमिनार दिल्यासारखी बोलायची, मग मी प्रत्येक संवाद मोठ्याने वाचायला लागले, जिथे जीभ अडखळली तिथे खोडलं. ड्राफ्ट वाचायला पाच जण धरा, त्यातले दोनच विज्ञानातले हवेत. विज्ञानवाले चुका काढतात, पण कंटाळा कुठे येतो ते बाकीचेच सांगतात.

प्रकाशनाबद्दल थोडक्यात. प्रकाशकाकडे गोषवारा आणि सुरुवातीची प्रकरणं पाठवायची आणि महिनोन्महिने थांबायचं, नकार येतातच. मला एका प्रकाशकाने भरभरून कौतुकाचं पत्र पाठवलं आणि शेवटी छपाईचे पैसे मागितले, मी जवळजवळ देणारच होते. पैसा लेखकाकडे आला पाहिजे, लेखकाकडून जाता कामा नये. स्वतः छापायचं तर उघडपणे स्वतः छापा, किंडलवर ई-बुकसाठी ३५ किंवा ७० टक्के रॉयल्टीचे पर्याय आहेत, कीवर्डसाठी, म्हणजे वाचक पुस्तक शोधताना टाकतील त्या शब्दांसाठी, सात जागा मिळतात, त्या विचार करून भरा. आणि कव्हर स्वतः करू नका, चांगल्या डिझायनरला द्या, अंगठ्याच्या नखाएवढ्या चित्रातही नाव वाचता आलं पाहिजे.

आता प्रमोशन, जिथे आपल्यातल्या बहुतेकांचं घोडं अडतं. स्वतःच्या पुस्तकाबद्दल बोलायचं म्हणजे स्वतःची टिमकी वाजवणं असं मला वर्षभर वाटत राहिलं आणि त्या वर्षात पुस्तक कोणाला कळलंच नाही. मग एक दिवस लक्षात आलं की कॉन्फरन्समध्ये पोस्टरशेजारी तीन तास उभं राहून येणाऱ्या प्रत्येकाला आपलं काम सांगताना मला कधी लाज वाटली नाही, मग आता का? तेव्हापासून पुस्तकाची जाहिरात करण्यापेक्षा त्यातल्या विज्ञानावर बोलते, क्लोरोफॉर्मचं खरंखोटं, लाफार्ज खटला, वगैरे. महिन्यातून एक ईमेल पाठवते, त्यात एक खरी गोष्ट आणि शेवटी पुस्तकाची लिंक. नातेवाइकांना रिव्ह्यू लिहायला सांगू नका, ॲमेझॉनच्या नियमात ते बसत नाही आणि असे रिव्ह्यू काढून टाकतात. अनोळखी वाचक पत्र लिहितो त्याला मात्र अवश्य विचारा.

आणि लहान कार्यक्रमांना नाही म्हणू नका. एका लायब्ररीत बोलायला गेले तर ४० खुर्च्या मांडलेल्या आणि माणसं सात. मी पूर्ण तासभर बोलले. संपल्यावर एक बाई थांबली, हातात माझी पहिली कादंबरी, ती स्वतः रात्रपाळीला लॅबमध्ये काम करते. म्हणाली, तुमची टेक्निशियन मशीन बंद पडल्याचं स्क्रीनवर बघते, पण आम्हाला ते आधी कानाला कळतं हो, पंपाची घरघर थांबली की एकदम इतकं शांत होतं की मान आपोआप वर होते. इतकी वर्षं मी त्याच आवाजात काढली आणि मला हे लिहायचं सुचलं नव्हतं. घरी आल्या आल्या वहीत तारीख टाकून लिहून ठेवलं, चौथ्या कादंबरीचं पहिलं वाक्य तेच आहे.