इंत्रुजचं जेवण करताना या चुका टाळा

इस्टरच्या ४७ दिवस आधीच्या मंगळवारी गोव्यातला इंत्रुज, म्हणजे कार्निव्हल, संपतो. दुसऱ्या दिवशी राखेचा बुधवार, आणि तिथून कोरेझम, म्हणजे उपवासकाळ सुरू. म्हणून आदल्या तीन-चार दिवसांत मांस, अंडी, गोडधोड सगळं चुलीवर चढतं. बिघडतं ते बहुतेक वेळा एकाच कारणाने: सगळा स्वयंपाक मंगळवारी सकाळी काढला जातो. या जेवणात काही पदार्थांना दिवस लागतात, काहींना दहा मिनिटं. मागून मोजत या.

सोरपोतेल, म्हणजे डुकराच्या मांसाचं आंबट-तिखट कालवण, केलं त्याच दिवशी वाढू नका. शनिवारी किंवा रविवारी करा. पहिल्या दिवशी मसाला आणि आंबटपणा वेगवेगळे जिभेला लागतात. दोन दिवस मुरल्यावर ते मांसात उतरतात. रोज एकदा खळखळून उकळी आणा, निवलं की फ्रिजमध्ये ठेवा. मांस कच्चंच बारीक चिरायला गेलात तर चरबी सुरीखाली घसरते आणि तुकडे वेडेवाकडे होतात. आधी अर्धवट शिजवा, निवू द्या, मग चण्याच्या दाण्यापेक्षा थोडे मोठे तुकडे करा आणि त्याच्याच चरबीवर परता. शिजवलेलं पाणी फेकू नका, रस्सा त्याचाच. काळीज वेगळं उकडा, एकत्र ठेवलंत तर मांस शिजेपर्यंत ते दडदडीत होतं. मसाला माडाच्या व्हिनेगरमध्ये वाटा. बाटलीतलं पांढरं कृत्रिम व्हिनेगर घातलंत तर नुसता घशाला लागणारा आंबटपणा येतो. आणि भांडं ॲल्युमिनियमचं नको, आंबटाने त्याला धातूची चव येते. मीठ शेवटच्या दिवशी चाखून घाला.

सान्नांचं, म्हणजे तांदळाच्या वाफवलेल्या, इडलीसारख्या पदार्थाचं, पीठ फुगलं नाही, ही तक्रार इंत्रुज लवकर आला की हमखास ऐकू येते. तारीख ३ फेब्रुवारी ते ९ मार्चमध्ये कुठेही पडू शकते, आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीच्या रात्री गार असतात. सूर, म्हणजे माडाची ताडी, असो वा यीस्ट, पिठाला जास्त वेळ द्या. फुगलेलं पीठ मात्र ढवळू नका, अलगद वाट्यांत ओता. झाकणाला फडकं बांधा, नाहीतर वाफेचं पाणी टपकून वरचा भाग चिकट होतो.

भाज्या मात्र अगदी शेवटी. हिवाळ्यात भाताच्या मळ्यांत पिकलेली तांबडी भाजी या वेळी बाजारात छान कोवळी मिळते, आणि इतक्या जड जेवणात तीच तोंडाला चव आणते. धुऊन मग चिरा, पाणी घालू नका, मीठ ती बसल्यावरच. कढईभर पाला मूठभर होतो, आधी अंदाजाने घातलेलं मीठ खारट लागतं. खोबरं गॅस बंद करताना. आगशीच्या मोठ्या वांग्याची कापं करायची तर मीठ-मसाला लावून तासभर ठेवू नका. पाणी सुटतं, रवा ओघळतो आणि तेल पितो. लावा आणि लगेच तव्यावर टाका.

आलेबेले, म्हणजे गूळ-खोबऱ्याचं सारण भरून गुंडाळलेल्या पातळ पोळ्या, करताना चूक पिठात कमी, सारणात जास्त होते. माडाचा काळा गूळ आधी थोड्या पाण्यात वितळवून गाळा. तळाशी बारीक कचरा आणि वाळू बसलेली दिसेल. त्यातच खोवलेलं खोबरं घालून कढईची कड सोडेपर्यंत परता. ओलसर सारण भरलंत की पोळी खालून फाटते. सारण पूर्ण निवल्याशिवाय भरूही नका. मैदा, अंडं आणि नारळाच्या दुधाचं पीठ अर्धा तास झाकून ठेवा, आणि ते तव्यावर आपोआप पसरेल इतकं पातळ हवं. घट्ट राहिलं तर नारळाचं दूध वाढवा, पाणी नको. उरलेली गुंडाळी दुसऱ्या दिवशी खायची तर मंद तव्यावर झाकण ठेवून गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये मैदा चिवट होतो.